कच्चा आवाज

६ जानेवारी, सोमवार

आज मला अख्खा एपिसोड मिळाला. अकरा मिनिटांचा, पहिल्या आरवण्यापासून शेवटच्या पिसापर्यंत माझा. तीन वर्षं मी 'खुराडा'मध्ये गर्दीची वाक्यं लिहिते आहे. "अगं बाई", "ऐकलंत का" आणि "पळा, कोल्हा आला". एवढ्या भांडवलावर तीन वर्षं काढली. आज दिग्दर्शकांनी बोलावून सांगितलं की मार्चमधला एक भाग तुम्ही लिहा, जमला तर पुढच्या मोसमापासून कायम लेखिका. मी गंभीरपणे मान हलवली आणि जिन्यात जाऊन दोन उड्या मारल्या. घोटा दुखला, पण मारल्या.

ही वही कधी परक्या हाती लागली तर (लागल्यास होती तिथेच परत ठेवावी, उजव्या कप्प्यात, कणा बाहेर) म्हणून सांगते. 'खुराडा' ही मोठ्यांसाठीची कार्टून मालिका आहे. दर शनिवारी संध्याकाळी सातला लागते. एका खुराड्यात चौदा कोंबड्या राज्यकारभार चालवतात. दाण्यांच्या समित्या, अंड्यांचे कोटे, कोल्ह्याशी वाटाघाटी. लोक पोट धरून हसतात आणि सोमवारी आपापल्या ऑफिसात जाऊन तसेच वागतात.

माझ्या भागात एक पाहुणी कोंबडी हवी आहे. दोन दिवसांसाठी आलेली आणि आल्या आल्या सगळ्यांना शिस्त लावणारी. दिग्दर्शक म्हणाले, "असं माणूस घरोघरी एक असतं. रोज बघा आणि लिहून ठेवा. तुम्हाला फार लांब जावं लागणार नाही." वन्संबद्दल दिग्दर्शकांना कसं कळलं कोण जाणे. डबा खाताना मीच कधी बोलले असेन.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. चौतीस वर्षं हॉस्पिटलात परिचारिका, शेवटची दहा मुख्य परिचारिका. निवृत्त झाल्या, एकट्या राहायच्या. गेल्या मे महिन्यात 'शिडी जपून वापरा' ही चिठ्ठी माळ्याच्या दारावर चिकटवताना मी शिडीवरून पडले आणि घोटा मोडला, तेव्हा त्या दोन महिन्यांसाठी आल्या. आता आठवा महिना चालू आहे. मी काही बोलत नाही, फक्त सांगते.

९ जानेवारी, गुरुवार

निरीक्षण सुरू. आज वन्संनी मला दिलेल्या सूचना: एक, चहा गार होतोय. दोन, बाहेर गारठा आहे, स्वेटर घाल. तीन, पाय जरा वर घेऊन बस. एका दिवसात तीन. माणसानं किती ऐकून घ्यायचं?

घरात शिस्त राहावी म्हणून मलाच मग धडपडावं लागतं. आज फ्रिजवर चार चिठ्ठ्या वाढवल्या. 'दार लावल्याची खात्री करा', 'खात्री हाताने करा', 'भांडं उचललेल्या जागी ठेवा' आणि चौथी 'वरील चिठ्ठ्या वाचा'. त्यांच्या शेजारी आंघोळीचा तक्ता आहे. हे सहा पंचवीसला, लेक पावणेसातला, मी सात ते साडेसात, सगळं निळ्या शाईत. वन्सं सहा दहाला, त्यांचं नाव पेन्सिलीनं. दोन महिन्यांच्या पाहुण्याला शाई कशाला वापरायची? शिवाय एकदा शाईनं लिहिलं की खोडाखोड दिसते, आणि मला खोडाखोड सहन होत नाही.

ह्यांना विचारलं, "जरा जास्तच सूचना देतात, नाही?" ह्यांचं चष्म्याचं दुकान आहे. हातात नेहमी कुठलीतरी काच असते. ती काच ह्यांनी पुसली, उजेडात धरली, पुन्हा पुसली. मग म्हणाले, "कोण?"

साऱ्या गावाला नजर देणारा माणूस, आणि घरातलं दिसत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

कोंबडी जमली. नाव सूचनाबाई. मी स्वतःच लिहिता लिहिता इतकी हसले की लेक खोलीत डोकावून गेली.

गोष्ट अशी. सूचनाबाई दोन दिवसांसाठी खुराड्यात येते. पहिल्या तासात दाण्यांपाशी पाटी, 'येथे दाणे टिपावेत'. दांडीपाशी पाटी, 'बसताना उजवा पाय आधी'. अंडी दहा ते दहा वीसमध्ये घालायची, उशीर झाल्यास लेखी कारण. कोंबड्यानं आदल्या दिवशी अर्ज द्यायचा, 'उद्या सूर्य उगवणार असल्याबाबत'. तिसऱ्या दिवशी कोल्हा येतो. बाकीच्या किंचाळतात, पण सूचनाबाई त्याला रांगेत उभं करते. रांगेत तो एकटाच आहे, तरी मागे सरकायला लावते. येण्याचं कारण या रकान्यात तो 'भूक' लिहितो. ती म्हणते, सविस्तर लिहा. चार दिवस बिचारा हेलपाटे घालतो. कधी शेपटीचं मोजमाप राहिलेलं असतं, कधी जुन्या बिळाचा दाखला. पाचव्या दिवशी तो रडत रडत निघून जातो आणि पाला खायला लागतो. खुराडं वाचतं. मग सगळ्या कोंबड्या मिळून सूचनाबाईला हाकलून देतात आणि नाचतात. समाप्त.

दर दोन वाक्यांनी ती म्हणते, "मी काही बोलत नाही, फक्त सांगते." हे कुठून सुचलं ते आठवत नाही, पण वन्संच्या तोंडी अगदी शोभेल असं आहे.

१८ जानेवारी, शनिवार

आज न्हाणीघरात दार लावून संवाद म्हणून बघत होते. तिथे आवाज छान घुमतो. सूचनाबाई कोल्ह्याला रांगेत उभं करते तो भाग चालला होता, तेवढ्यात दाराबाहेरून वन्संचा आवाज आला. म्हणाल्या, "तिनं आधी उसासा टाकायला हवा. आधी उसासा, मग 'मी काही बोलत नाही', आणि बोलताना बोट वर."

मी चाट पडले. स्वतःची नक्कल कशी करावी हे बाई स्वतःच सांगतायत, आणि पत्ता नाही. 'आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून' म्हणतात ते उगाच नाही. मी उसासा टाकून बघितला. बोट वर केलं. फारच छान झालं.

मग त्यांनी शेवट विचारला. मी म्हटलं, हाकलून देतात तिला.  वन्सं म्हणाल्या, "नका गं हाकलू. तिच्यामुळेच तर कोल्हा गेला. तिचा कंटाळा येतो, खरं आहे. पण अशी बाई नसली ना, की घर अंगावर येतं."

 बिचाऱ्या नकळत स्वतःसाठीच रदबदली करत होत्या. मला आठवलं, पाय प्लास्टरमध्ये असताना पलंगावर आडवं झोपवून, डोक्याखाली बादली लावून त्यांनी माझे केस धुतले होते, आणि मी पूर्ण वेळ पाणी कुठे सांडतंय ते त्यांना सांगत होते. मी नळ जोरात सोडला आणि बसून शेवट बदलला. आता कोंबड्या तिला घालवून देतात, पण मग कुणालाच झोप येत नाही. उजवा पाय आधी म्हणायला कुणी नाही. सगळ्यांत म्हातारी कोंबडी म्हणते, "ती नसली की घर अंगावर येतं." आणि रांग लावून सगळ्या तिला आणायला निघतात.

२२ जानेवारी, बुधवार

दिग्दर्शकांनी संहिता वाचली. हसले नाहीत, पण पान उलटताना खुर्ची हलत होती. शेवट वाचून चष्मा काढला. "हे कुठून आणलंत?" मी म्हटलं, घरातून.

आज कच्चा आवाज झाला. कोंबड्यांची चित्रं काढायच्या आधी चित्रकारांना संवाद ऐकावे लागतात. कुठल्या अक्षराला चोच किती उघडायची, कुठे थांबायचं, ते आवाजावरून ठरतं. माणसाला एकच तोंड असून एवढे घोटाळे, आमच्या प्रत्येक कोंबडीला आठ चोची काढून ठेवलेल्या असतात. मोठे कलाकार नंतर येतात आणि काढलेल्या चोचींवर आपला आवाज बसवतात. तोवर ऑफिसातलंच कुणीतरी सगळं वाचून टाकतं. तो कच्चा आवाज. काम झालं की पुसून टाकायचा. आज सूचनाबाई मी वाचली.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे मुळात सामानाचं कपाट, भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. आमच्या ध्वनिमुद्रकाला सगळे कानसेन म्हणतात. त्याचा पसारा बघून माझ्यानं राहवेना. वाचण्याआधी त्याला चारपाच गोष्टी सांगितल्या. माईक बोटभर खाली घे, खुर्ची सरळ कर, चहाचा कप तारेपासून लांब ठेव. मग विचारलं, सुरू करू या? तो म्हणाला, "केव्हाच सुरू केलंय, बाई."

चित्रकार मुलगी फोनवर माझं वाचणं टिपत होती. हावभाव लागतात म्हणे. मी वन्संना डोळ्यांसमोर आणून अगदी हुबेहूब नक्कल केली. शेवटी कानसेन हसून हसून गादीला टेकला. चित्रकार म्हणाली, "तुम्ही काही करूच नका, नुसत्या अशाच बसा." अभिनय आपल्या रक्तात असतो आणि पन्नाशीपर्यंत कळत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

वन्सं जाणार. जेवताना सहज सांगितलं. त्यांच्या नोकरीतल्या एका मैत्रिणीकडे दुसऱ्या गावी खोली रिकामी आहे, ती घ्यायचं म्हणतायत. तेवीस मार्च, रविवार, अकराची बस. ह्यांनी घास खाली ठेवला. लेक म्हणाली, आत्या, का? वन्सं हसून म्हणाल्या, "माझं काय, पेन्सिलीचं नाव. पुसलं की झालं."

वन्सं मस्करी अशी कोरडी करतात, पटकन कळत नाही. मी म्हटलं, तुमची इच्छा. लगेच फ्रिजवर तारीख लावली, म्हणजे बांधाबांधीत गोंधळ नको. आठ महिन्यांनी माझं स्वयंपाकघर मला परत मिळणार. मला आनंद व्हायला हवा. झालाच आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

झालेला नाही. आज सकाळी चहा गार होतोय हे कुणी सांगितलं नाही, कारण वन्सं दवाखान्यात गेल्या होत्या. गार चहा प्यायले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

कच्ची चित्रं बघितली. सूचनाबाई चालते, मान हलवते, चोच वाजवते. बघताना अंगावर काटा आला, इतकी जिवंत. फक्त चित्रकार मुलीनं काही गोष्टी मनच्या घातल्या आहेत. तिला नाकाच्या टोकावर आलेला चष्मा दिला आहे. वन्संना सहासष्टाव्या वर्षीही चष्मा नाही. तुऱ्यात पेन्सिल खोचली आहे. एक पाय किंचित लंगडा आहे. मी म्हटलं, हे कुठून आलं? चित्रकार माझ्या अंबाड्याकडे बघत म्हणाली, असंच सुचलं.

मी अंबाड्यातली पेन्सिल काढून तिला चार ठिकाणी खुणा करून दिल्या. चष्मा राहू दिला. कलाकाराला थोडी मोकळीक द्यावी लागते. आणि खरं तर चष्म्यामुळे वन्संना ओळख पटणार नाही, हा फायदाच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज आक्रीत झालं. सूचनाबाईचा आवाज द्यायला मोठ्या बाई आल्या होत्या, ज्यांचा आवाज ऐकत मी लहानाची मोठी झाले. फार गोड माणूस. पण त्यांची सूचनाबाई आशीर्वाद देत असल्यासारखी बोलायला लागली. त्यांचं वाक्य संपायचं आणि चोच आणखी चार वेळा उघडायची. पाच वेळा झालं, सात वेळा झालं. शेवटी बाईंनीच विचारलं, "ज्यांचा कच्चा आवाज आहे त्या कुठे आहेत?" मी हात वर केला. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि हेडफोन काढून ठेवला. "कशाला मला त्रास देताय? ही कोंबडी बसलीये की इथे."

दिग्दर्शकांनी ठरवून टाकलं. माझाच आवाज जाणार. कच्चाच पक्का. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मग लक्षात आलं. दुसरीचा आवाज असता तर वन्संना संशय आला नसता. आता टीव्हीवर माझ्याच आवाजात त्यांची टर उडणार, चष्मा असो वा नसो. ज्या बाईनं माझे केस धुतले तिची मी जगापुढे कोंबडी केली.

१० मार्च, सोमवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खरं आहे. वन्सं मोजे घड्या घालून बॅगेत ठेवतायत. का जातायत हे मला आता कळलंय. त्यांनी संहिता वाचली असणार. किंवा ही वही. कणा आत होता मंगळवारी. (लेक म्हणते तूच तसा ठेवलास. शक्य नाही.)

मी उपाय करतेय. बावीस तारखेला सातला बाहेर जेवायला जाऊ म्हटलं. वन्सं म्हणाल्या, तुझा एपिसोड सोडून? मी म्हटलं, टीव्ही जरा खराब आहे. त्यांनी लावून दाखवला. मग मी मागची वायर काढून ठेवली, तर ह्यांनी निमूट परत लावली, माझ्याच चिठ्ठीप्रमाणे, 'वायर काढल्यास परत लावा'. त्यात वन्संनी शेजारच्या तिन्ही घरांना बोलावणं केलंय. खुर्च्या जमवतायत. मी म्हटलं, एवढी माणसं मावणार नाहीत, तर म्हणाल्या, तू बसण्याचा तक्ता कर, मावतील.

केला. चौदा माणसं. व्यवस्थित मावतायत.

शेवटचा कट बघायला दिग्दर्शकांनी दोनदा बोलावलं. धीर झाला नाही. घोटा दुखतोय म्हणून सांगितलं.

२१ मार्च, शुक्रवार

सांगून टाकलं. उद्या सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आज एकटीला कळलेलं बरं.

वन्सं पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी दारात उभी राहिले. बोलायचं म्हणून घोकलेलं सगळं विसरले. म्हटलं, "वन्सं, ती कोंबडी तुम्ही आहात."

"मी?" त्या म्हणाल्या.

मी सगळं ओकून टाकलं. निरीक्षण, सूचना मोजणं, नक्कल, मोठ्या बाई. म्हटलं, तुम्ही म्हणाल तर मी उद्याच्या उद्या नोकरी सोडते, पण अशा रागावून जाऊ नका. त्यांनी हातातला टॉवेल उचलून तोंडावर घेतला. खांदे गदगदा हलायला लागले. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढलेली बाई, कधी डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. मला भडभडून आलं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि स्वतःच रडले. दोनदा त्यांनी टॉवेल खाली घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा तोंडावर घेतला. इतकं जिव्हारी लागलं होतं.

बऱ्याच वेळानं शांत झाल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "तू आधी उद्या बघ. मग बोलू." मी निघाले तर मागून म्हणाल्या, "आणि बघताना चष्मा लाव."

२२ मार्च, शनिवार

 क्रमानं लिहिते.

पावणेसातपर्यंत सगळे आपापल्या जागी. वन्सं पहिल्या रांगेत, मी मुद्दाम त्यांच्या शेजारी, म्हणजे उठून जायला लागल्या तर धरता येईल. सात वाजता सुरू झालं. खुराड्याचं दार उघडलं आणि सूचनाबाई आत आली. जरा लंगडत. चष्मा नाकावर, तुऱ्यात पेन्सिल. उसासा टाकला, बोट वर केलं. म्हणजे पंख. "मी काही बोलत नाही, फक्त सांगते."

सगळी खोली एकदम खदखदली. शेजारचे काका खुर्चीवरून घसरले. मी वन्संकडे बघितलं, कितपत लागलंय बघायला. त्या टीव्हीकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या, आणि चेहऱ्यावर अगदी तीच काळजी, जी माझ्या चेहऱ्यावर असावी. मला कळेना, ह्यांना माझी कसली काळजी? आजूबाजूला बघितलं तर शेजारच्या काकू माझ्याकडे बघून डोळे पुसतायत. लेक माझ्याकडे बघतेय. हे काच पुसतायत आणि माझ्याकडे बघतायत. कुणी म्हणजे कुणी वन्संकडे बघत नव्हतं.

तरीही मी म्हटलं, आवाज माझा आहे म्हणून असेल.

मग कोल्हा आला. रांगेत उभा. कंटाळला म्हणून हातात चहाचा कप. सूचनाबाईनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "तो कप तारेपासून लांब ठेव. खुर्ची सरळ कर. सांडलं की पुसणार कोण, मीच ना?"

हे मी लिहिलेलं नव्हतं. संहितेत हे वाक्यच नव्हतं. हे मी कानसेनला म्हटलं होतं, त्या कपाटात, नक्कल सुरू करायच्या आधी. वन्संनी आयुष्यात कुणाला कप सरकव म्हटलेलं नाही. त्या स्वतः उठून सरकवतात.

मी उठले. सगळ्यांसमोर फ्रिजपाशी गेले. एकोणीस चिठ्ठ्या, सगळं अक्षर माझं. 'वरील चिठ्ठ्या वाचा' तशीच होती. अंबाड्याला हात लावला. पेन्सिल होती. मागे टीव्हीवर माझा आवाज कोल्ह्याला सविस्तर लिहायला सांगत होता आणि घरात कुणाला श्वास घेता येत नव्हता. काखेत कळसा आणि अडीच महिने मी गावाला वळसा घालत होते, वही घेऊन. आधी कान गरम झाले, मग पोटातून काहीतरी वर यायला लागलं. रडू असेल म्हणून मी भिंत धरली. तर हसूच. होते तिथेच खाली बसले. फ्रिजला टेकून, पाय पसरून, जागा ठरवून दिलेल्या चौदा माणसांसमोर मी हसत सुटले. टॉवेल मागितला. कालचा वन्संचा टॉवेल आठवला आणि आणखी हसले.

वन्सं शेजारी येऊन जमिनीवर बसल्या. "रागावलीस?" त्यांनी हळूच विचारलं. "मी अठरा जानेवारीलाच सांगणार होते. पण तू इतकी रंगात आली होतीस."

एवढ्यात टीव्हीवर ती म्हातारी कोंबडी आली. खुराड्यात सामसूम, कुणाला झोप नाही. ती म्हणाली, "ती नसली की घर अंगावर येतं."

माझं हसू थांबलं. मी रदबदली समजले होते. त्या दिवशी न्हाणीघराच्या दाराबाहेर उभ्या राहून ह्या बाई माझ्याबद्दल बोलत होत्या. ज्या बाईचं नाव मी दहा महिने पेन्सिलीनं लिहिलं, ती.

मी त्यांच्याकडे बघायला मान वळवली, पण तेवढ्यात टाळ्या झाल्या आणि सगळे अंगावर आले. दिग्दर्शकांचा फोन आला. म्हणाले, कायम. मी म्हटलं, हो, उद्या बोलते, आता वेळ नाही.

२३ मार्च, रविवार

पावणेसहाला उठले. घर गप्प होतं. वन्संची बॅग दाराशी उभी होती. फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढायला लागले. सगळ्या काही काढवेनात. सहा ठेवल्या. (दाराची ठेवली. दार उघडं राहिलं तर कुणाच्याही घरात कोल्हा येईल.) मग आंघोळीचा तक्ता काढून टेबलावर घेतला, रबर घेतलं, पेन्सिलीचं नाव पुसलं.

नेमक्या तेव्हा वन्सं आल्या. रबर माझ्या हातात, नाव पुसलेलं, टेबलावर नुसता कचरा. त्यांनी बघितलं. चहाचं आधण ठेवायला वळल्या. माझी अशी तारांबळ उडाली की पेनाचं टोपणच निघेना. दातांनी काढलं. लिहिलं, निळ्या शाईत, इतरांपेक्षा जरा मोठंच आलं: वन्सं, ६.१० ते ६.२५. आणि तक्ता त्यांच्या पुढ्यात धरला. वाचायला त्यांना चष्मा लागत नाही, तरी फार वेळ वाचत होत्या. आधण उकळून वर आलं.

"मला वीस मिनिटं लागतात," त्या म्हणाल्या.  "दहा महिने घाई करतेय मी."

मी माझ्या सात ते साडेसातवर काट मारली आणि सगळ्यांना पाच पाच मिनिटं पुढे सरकवलं. हे, लेक, मी. माझी पाच मिनिटं कमी झाली. तक्त्यावर आठ ठिकाणी खोडाखोड झाली, सगळी शाईची. तसाच फ्रिजवर लावला. मैत्रिणीला फोन त्यांनी स्वतःच केला. मी शेजारी उभी राहून काय सांगावं ते खुणा करून सांगत होते, ते त्यांनी ऐकलं नाही. अकराची बस त्यांच्याशिवाय गेली असणार. त्या वेळी आम्ही दुसरा चहा पीत होतो, गरम.

दुपारी त्यांनी बॅग रिकामी केली आणि पलंगाखाली सरकवली. मी दारात उभी होते. हँडल बाहेरच्या बाजूला यायला हवं होतं, म्हणजे पुढे कधी ओढायला सोपं जातं. ते भिंतीकडे गेलं. मी काही बोलले नाही. सांगितलंही नाही.